न भुंकणारा कुत्रा : लर्चर, ससा आणि इंग्लंडचे शिकार-कायदे

 

आजचं व्याख्यान एका कुत्र्याच्या शिक्षणाविषयी आहे. इतिहासाच्या मालेत कुत्रा कुठून आला, असं काहींना वाटेल. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं होतं. इंग्लंडच्या खेड्यांचा इतिहास वाचताना आपण जमीनदार, कुळं, मजूर, कायदे आणि दंगे यांच्याकडे बघतो. कुत्रा असतो तळटीपेत. पण त्या तळटीपेपाशी जरा थांबलं की लक्षात येतं, साडेसहाशे वर्षांचे कायदे या जनावराच्या अंगवळणी पडलेले आहेत. ते कसे, हे आज बघू.

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबर महिना, रात्रीचे दहा. दक्षिण इंग्लंडमधलं एक गवताळ शेत. चंद्र नाही, वारा मात्र चांगला आहे आणि तो माणसाच्या तोंडावर येतोय. माणसाच्या एका हातात बॅटरीचा दिवा, दुसऱ्या हातात पट्टा. पट्ट्याच्या टोकाला वर्षा-सव्वा वर्षाचं, लांब पायांचं, बारीक कमरेचं कुत्र्याचं पोर. त्याने आजवर एकही ससा पकडलेला नाही. माणूस झोत गवतावरून फिरवतो. साठेक पावलांवर एक डोळा चमकतो. पट्टा सुटतो. कुत्रा बाणासारखा जातो, सशाच्या शेपटीपर्यंत पोचतो, ससा झटकन वळतो, आणि कुत्रा आपल्याच वेगाने दहा-पंधरा पावलं पुढे निघून जातो. तोवर ससा कुंपणाखालच्या बिळात. कुत्रा परत येतो. जीभ बाहेर, तोंड रिकामं.

आता माणसाने काय करायचं? रागवायचं? पुन्हा सोडायचं? घरी न्यायचं? हा प्रश्न इथेच ठेवू. व्याख्यानाच्या शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. मराठीत आपण 'ससा' म्हणतो तेव्हा दोन वेगळी जनावरं एकाच शब्दात कोंबतो. आपल्या माळावर दिसतो तो रानससा, इंग्रजीत 'हेअर'. हा बीळ खणत नाही. गवतात दबून बसतो आणि उठला की मोकळ्या रानात लांबवर पळतो. दुसरा युरोपातला बिळकरी ससा, म्हणजे 'रॅबिट'. हा लहान, दीड-दोन किलोचा, जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहणारा. संध्याकाळी चरायला बाहेर येतो, पण बिळापासून फार दूर जात नाही. धोका दिसला की त्याला मैल-दोन मैल पळायचं नसतं. घर गाठायचं असतं, बस. आजच्या व्याख्यानात नुसतं 'ससा' म्हटलं की हा बिळकरी ससा समजा. दुसऱ्याला आपण रानससाच म्हणू. हा फरक लक्षात ठेवा, कारण शेवटी कायदाही याच फरकावर येऊन उभा राहतो.

आता लर्चर. ही कुत्र्याची जात नव्हे, संकर आहे. एका बाजूला नजरेने शिकार करणारा वेगवान कुत्रा: ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, डिअरहाउंड यांपैकी काहीही. दुसऱ्या बाजूला कामाचा कुत्रा: मेंढ्या राखणारा कॉली, किंवा बेडलिंग्टनसारखा टेरियर. पहिल्याकडून पाय, दुसऱ्याकडून डोकं. आपल्याकडे महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात कारवानी कुत्रा आहे, मुधोळ म्हणून जो ओळखला जातो तोही त्याच घराण्यातला. लांब तोंड, आत गेलेलं पोट, नजर क्षितिजावर. त्या बांध्याची कल्पना करा आणि त्यात धनगराच्या कुत्र्याची समज मिसळा, म्हणजे लर्चरच्या जवळपास पोचाल.

ही मिसळण का लागते, ते आकडे सांगतात. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या वर धावतो. ससा साधारण चाळीसने. सरळ रेषेत ही शर्यतच नाही. पण ससा सरळ रेषेत पळतोच कुठे? तो वळतो, थबकतो, पुन्हा वळतो, आणि त्याला जेमतेम चाळीस-पन्नास पावलं काढायची असतात. नुसता वेग असलेला कुत्रा प्रत्येक वळणावर पुढे निसटतो. जाणता लर्चर ससा कुठे आहे हे बघतोच, पण तो कुठे जाणार आहे हेही बघतो. तो ससा आणि कुंपण यांच्या मधली जागा धरतो. वळणाआधी वेग किंचित आवरतो. हे कुणी शब्दांनी शिकवू शकत नाही. पाच-पन्नास ससे निसटले की कुत्रा ते आपणच शिकतो.

मग माणूस काय शिकवतो? आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. पाठलाग शिकवावा लागत नाही, तो रक्तात असतो. माणूस शिकवतो त्या तीन गोष्टी: गप्प राहणं, सांगेपर्यंत थांबणं आणि तोंडातलं आणून हातात देणं. आमचं म्हणणं असं की या तिन्ही धड्यांमागे इंग्लंडच्या कायद्याची सावली आहे.

त्यासाठी सशाचा इतिहास बघावा लागतो. ससा इंग्लंडचा मूळ रहिवासी नाही. तो स्पेन-पोर्तुगालकडचा. रोमन लोकांनी काही आणले असावेत, पण त्याची खरी वस्ती झाली ती नॉर्मनांच्या काळात, बाराव्या शतकापासून पुढे. आणि तो आला तो उंची वस्तू म्हणून. मांस सरदारांच्या ताटात, कातडं कपड्यांच्या अस्तराला. इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत त्याला जगवायला खास राखीव रानं केली, त्यांना 'वॉरन' म्हणत. मऊ मातीचे लांबट उंचवटे बांधून द्यायचे, म्हणजे सशाला बीळ खणायला त्रास नको. हे उंचवटे उशीच्या आकाराचे, आणि इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी आजही दिसतात. नॉरफक परगण्यात थेटफर्डजवळ दगडी, दुमजली, जाड भिंतींची एक इमारत उभी आहे. साधारण १४०० च्या सुमारास तिथल्या मठाने ती बांधली. किल्ल्यासारखी दिसते, पण ती सशांच्या राखणदाराचं घर. सशांना चोरांपासून वाचवायला गढी! यावरून सशाची किंमत कळते.

जिथे किंमत आली तिथे मालकी आली, आणि मालकीच्या मागोमाग कायदा आला.

१३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, पण सत्ताधाऱ्यांच्या मनातली धास्ती गेली नाही. १३९० साली, दुसऱ्या रिचर्डच्या राज्यात, एक कायदा झाला. ज्याच्याकडे वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नाही अशा सामान्य माणसाने शिकारी कुत्रा ठेवायचा नाही. फेरेट, जाळी, फासे ठेवायचे नाहीत. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबोडका पाळीव प्राणी. तो बिळात सोडला की ससे बाहेर पळतात. कायदा मोडला तर एक वर्ष तुरुंग. आणि कारण काय दिलं होतं? सणावाराच्या दिवशी चांगले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये असतात, तेव्हा कारागीर आणि मजूर कुत्रे घेऊन दुसऱ्यांच्या रानात शिरतात, आणि शिकारीच्या निमित्ताने जमून कट करतात. म्हणजे काळजी सशाची होतीच, पण रात्री-अपरात्री एकत्र येणाऱ्या माणसांचीही होती.

पुढे १६७१ च्या कायद्याने ही भिंत आणखी उंच केली. शिकारीचा हक्क हवा तर वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. त्या काळी परगण्यातून पार्लमेंटच्या मतदानाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरे होई. हिशेब करा. राज्य कुणी चालवायचं हे ठरवायला जेवढी जमीन लागे, त्याच्या ५० पट जमीन रानातला पक्षी मारायला लागे. याच कायद्याने जमीनदारांना 'गेमकीपर', म्हणजे शिकारीचे राखणदार नेमायचा अधिकार दिला. ते परवाना घेऊन अपात्र माणसाच्या घरात शिरून कुत्रे, जाळी, बंदुका जप्त करू शकत. जप्तीच्या यादीत ग्रेहाउंडच्या बरोबरीने 'लर्चर' हा शब्द सरळ लिहिलेला आहे.

इथे जरा थांबू, कारण एक लोकप्रिय गोष्ट तपासून घ्यायची आहे. लर्चरविषयी नेहमी सांगतात की गरिबांना ग्रेहाउंड ठेवायला बंदी होती, म्हणून त्यांनी त्याचा मेंढपाळी कुत्र्याशी संकर केला आणि कायद्याच्या हातावर तुरी दिली. गोष्ट छान आहे. पण कायद्याचे शब्द वाचले की ती डळमळते. १३९० चा कायदा ग्रेहाउंडपाशी थांबत नाही, शिकारीचा कुठलाही कुत्रा असं म्हणतो. १६७१ चा कायदा तर लर्चरचं नावच घेतो. म्हणजे रक्तात भेसळ करून कायद्यातून सुटका नव्हती. राखणदाराला लांब पाय आणि बारीक कंबर दिसली की तो ओळखायचाच.

मग सुटका कशात होती? कुत्र्याच्या वागण्यात. रानात आवाज न करण्यात, रस्त्यावर मालकाशी ओळख न दाखवण्यात, काम झालं की निघून येण्यात. रक्त लपवता येत नव्हतं, वागणूक घडवता येत होती. म्हणून लर्चर जितका पैदाशीतून झाला, तितकाच शिकवणीतून झाला, असं आम्हाला वाटतं.

याला एक जुना साक्षीदार आहे. जॉन कीझ हे केंब्रिजचे डॉक्टर. तिथल्या एका कॉलेजच्या नावात आजही त्यांचं नाव आहे. त्यांनी कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकासाठी इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १५७० साली छापलं गेलं, आणि १५७६ साली अब्राहम फ्लेमिंग यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात एका कुत्र्याला कीझ सरळ 'चोर कुत्रा' म्हणतात. तो मालकाच्या हुकुमाने रात्री निघतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर सशांचा वास घेतो. शिकार चालू असताना भुंकत नाही, कारण भुंकला तर स्वतःचंच नुकसान. मालक जेवढं करू देईल तेवढेच ससे धरतो, आणि ते मालक उभा असेल तिथे आणून देतो. बघा, आपले तिन्ही धडे या एका वर्णनात आलेले आहेत. कीझ या कुत्र्याला लर्चर म्हणत नाहीत, पण काम तेच आहे.

आता एकेक धडा घेऊ.

पहिला, गप्प राहण्याचा. कोवळा कुत्रा धावताना भुंकला तर त्याचा दोन ठिकाणी तोटा होतो. शेतातले बाकीचे ससे सावध होऊन बिळात जातात, आणि राखणदाराला कळतं की कुणीतरी आलंय. १८२८ साली रात्रीच्या शिकारीवर स्वतंत्र कायदा झाला. त्यात 'गेम' बरोबर सशांचंही नाव स्पष्ट घातलं. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने सक्तमजुरी, दुसऱ्यांदा सहा महिने, तिसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार रवानगीसुद्धा होऊ शकत होती. विचार करा, एका भुंकण्याची किंमत सात वर्षं! कुत्र्याला अर्थात कायदा कळत नाही. कुत्रा भुंकतो तो हताश होऊन. ससा दिसतोय, पण हाती लागत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की उत्साह आवाजातून फुटतो. आणि ही सवय एकदा लागली की सहसा जात नाही. म्हणून जाणती माणसं कोवळ्या कुत्र्याला त्याच्या आवाक्याबाहेरच्या सशावर सोडत नसत, आजही सोडत नाहीत. ससा कुंपणाला चिकटून बसलाय? पट्टा सुटत नाही. पलीकडे तारेचं कुंपण आहे? सुटत नाही. मोकळ्यात, दूर, वाऱ्याच्या सोयीने दबून बसलेला एखादा मिळेपर्यंत माणूस चालत राहतो. कुत्रा जी शर्यत हरतो ती बहुतेक वेळा आपणच चुकीची लावलेली असते.

दुसरा धडा, थांबण्याचा. यात बरंच काही येतं. पट्टा सुटेपर्यंत ओढायचं नाही. मेंढ्या दिसल्या, कोंबड्या दिसल्या, तरी मान वळवायची नाही. कुत्र्याने एकदा मेंढीच्या मागे धाव घेतली की शेतकऱ्याचा दरवाजा कायमचा बंद. म्हणून पिल्लू असल्यापासून त्याला मेंढ्यांच्या कळपातून पट्ट्यावर, शांतपणे, रोज फिरवतात, इतकं की शेवटी त्याला मेंढीचा कंटाळा येतो. फेरेट बरोबर असेल तर त्याच्याशीही मैत्री करून द्यावी लागते. बिळाच्या तोंडाशी कुत्रा थबकला, एक पाय उचलून कान टवकारले, की समजायचं आत ससा आहे. पण हे कुत्रा खोटंही सांगू शकतो, मालकाला खूश करायला. तेव्हा त्याला घाई करून विचारायचं नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं.

या थांबण्यालाही कायद्याची धार होती. १८६२ साली पार्लमेंटने पोलिसांना नवा अधिकार दिला. सार्वजनिक रस्त्यावर एखादा माणूस चोरटी शिकार करून येतोय असा संशय घ्यायला जागा असेल, तर त्याला थांबवायचं, त्याची झडती घ्यायची, गाडीची झडती घ्यायची. ससे सापडले, जाळी सापडली, तर ५ पौंडांपर्यंत दंड. आता ५ पौंड म्हणजे किती? १८५०-५१ च्या सुमारास जेम्स केअर्ड यांनी इंग्लंडभर फिरून शेतीची पाहणी केली. दक्षिणेतल्या परगण्यांत शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्यांना सरासरी ८ शिलिंग ५ पेन्स आढळली. ५ पौंड म्हणजे १०० शिलिंग. जवळजवळ बारा आठवड्यांची मजुरी, दोन-तीन सशांपायी. अशा रस्त्यावर जो कुत्रा मालकाच्या पायात घोटाळतो तो मालकाला पकडून देतो. जो दूर मागे, कुंपणाच्या कडेने, जणू कुणाचाच नाही असा चालतो, तो वाचवतो.

जाता जाता आपल्याकडची एक आठवण. १८६२ च्या या कायद्यानंतर नऊच वर्षांनी, १८७१ साली, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, पुढे मुंबई इलाख्यातही आला, आणि फासेपारध्यांसारख्या लोकांच्या कपाळी शिक्का बसला. हा कायदा देशभरातून पुरता गेला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. दोन्ही कायदे सारखे होते असं आम्ही म्हणत नाही. इंग्लंडच्या मजुरावर संशय घ्यायला निदान काही कारण दाखवावं लागे. इथे जन्म हेच कारण झालं. पण दोन्हीकडे रानातलं कौशल्य हीच संशयाची खूण ठरली, एवढं मात्र खरं.

तिसरा धडा, आणून देण्याचा. हा सगळ्यात नाजूक. ससा धरणं ही कुत्र्याची कमाई. ती त्याने जिवंत, न चावता, दीडशे पावलं चालून माणसाच्या हातात का द्यावी? हा धडा शिकारीच्या कितीतरी आधी सुरू होतो. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लापुढे घरातल्या बोळात कापडाचा गोळा टाकायचा. बोळ अरुंद, परतीची वाट एकच. पिल्लू गोळा घेऊन येतं. लगेच हिसकायचं नाही. त्याला तोंडात धरून मिरवू द्यायचं, पाठ थोपटायची, मग हळूच हनुवटीखाली हात न्यायचा. हिसकलं की ते पुढच्या वेळी लांबूनच वळसा घालतं. पुढे खरा ससा तोंडात आला तरी हाच नियम. उभं राहून ओरडायचं नाही. गुडघ्यावर बसायचं, दिवा स्वतःच्या पायाशी टाकायचा आणि वाट बघायची. कुत्रा उजेडाच्या वाटेने येतो.

हातात आलेला ससा जिवंत असतो, आणि त्याला तिथल्या तिथे, क्षणात मारणं ही माणसाची जबाबदारी. हे ऐकायला बरं वाटत नाही. पण ते वगळून हा इतिहास सांगणं खोटेपणाचं होईल. ज्या घरात आठवड्याला आठ शिलिंग येत, त्या घरात शिजणाऱ्या भांड्यात हा ससा पडत होता. फाटलेला, चिखलात लोळवलेला ससा विकला जात नाही आणि धड शिजतही नाही. म्हणून मऊ तोंडाच्या कुत्र्याला मोल. जेम्स हॉकर नावाच्या एका मजुराने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. जन्म १८३६ चा. त्या १९६१ साली पुस्तकरूपाने आल्या. गरिबीने आपल्याला या वाटेला लावलं, असं ते सांगतात. हाच माणूस पुढे गावच्या शाळा मंडळावर निवडून आला. चोर कुणाला म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्या वहीत सतत डोकावतो.

मग हे बदललं कधी? दोन टप्प्यांत. १८३१ साली जमिनीच्या उत्पन्नाची जुनी अट गेली, परवाना काढून कुणालाही शिकार करता येऊ लागली. पण जमीन कसणाऱ्या कुळाला त्याच्याच शेतातले ससे मारता येतील याची खात्री नव्हती. शिकारीचा हक्क मालक स्वतःकडे राखून ठेवत. ससे पीक खात, आणि कूळ बघत बसे. तोवर सशाचं रूपही पालटलं होतं. वॉरनमधून सुटलेला ससा रानोमाळ पसरला होता. एके काळची उंची वस्तू आता शेताची कीड झाली होती. शेवटी १८८० साली ग्लॅडस्टन यांच्या सरकारने कायदा केला की जमीन कसणाऱ्याला तिच्यावरचे ससे आणि रानससे मारण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कुठल्याही कराराने काढून घेता येणार नाही. त्या दिवसापासून शेतकरी एखाद्याला म्हणू शकत होता, 'ये बाबा, तुझा कुत्रा घेऊन ये, माझं शेत वाचव.' लर्चर पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत आला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या सशांची संख्या ६ ते १० कोटींच्या घरात असावी असा अंदाज होता. १९५३ साली केंट परगण्यात मिक्सोमॅटोसिस हा विषाणूचा रोग शिरला, आणि दोन-तीन वर्षांत दर शंभरांतले नव्व्याण्णव ससे मेले. डोळे सुजून आंधळे झालेले ससे रस्त्यावर बसलेले असत. ते दृश्य बघितलेल्या कित्येकांनी पुढे सशाचं मांस खाल्लं नाही. १९५४ च्या कायद्याने हा रोग जाणूनबुजून पसरवणं गुन्हा ठरवला. ससे पुढे सावरले, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

आणि आता आजचा कायदा. २००४ साली इंग्लंड आणि वेल्ससाठी शिकार कायदा झाला, अंमल फेब्रुवारी २००५ पासून. रानटी सस्तन प्राण्यांची कुत्र्यांनी शिकार करायला बंदी. अपवाद थोडे. त्यांत उंदीर आणि ससे, तेही जमीन आपली असेल किंवा जमीनवाल्याची परवानगी असेल तरच. रानससा या अपवादात नाही. म्हणजे आपण सुरुवातीला केलेला तो शब्दाचा निवाडा आता शेतात, अंधारात, क्षणभरात करावा लागतो. झोतात लांब कानांचा, काळ्या टोकांचा रानससा उठला, तर पट्टा मुठीत घट्ट हवा. कुत्र्याला दोघांत फरक करता येत नाही. तो माणसाने करायचा. चोरटी शिकार आजही आहे, विशेषतः रानसशांवर पैजा लावून टोळ्या फिरतात. २०२२ साली त्यासाठीच्या शिक्षा आणखी कडक झाल्या. परवानगी घेऊन सशावर कुत्रा सोडणाऱ्यांना या टोळ्यांचा राग येतो, कारण लांब पायांचा कुत्रा दिसला की लोक पुन्हा सगळ्यांकडे त्याच जुन्या नजरेने बघतात.

इथे एक खुलासा. हे इंग्लंडचं झालं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरलेली नाही. आपल्या माळावरच्या रानसशावर कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे. तेव्हा आजचं व्याख्यान ऐकून कुणी कारवानी घेऊन माळावर निघू नये.

आता त्या रात्रीकडे परत जाऊ. कुत्रा रिकाम्या तोंडाने आलाय. माणसाने काय करायचं?

आपल्याकडे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. या क्षणी हातचं काय आहे? ससा तर गेला. हातचं आहे ते कुत्र्याचं परत येणं. काळोखात, हरल्यावर, बोलावल्याबरोबर तो आला. त्याला रागावलं तर तो एकच गोष्ट शिकेल: हरल्यावर जवळ जायचं नाही. म्हणून माणूस गुडघ्यावर बसतो, त्याची मान खाजवतो, पायाचे पंजे चाचपून बघतो, कुठे काटा-तार लागली नाही ना. मग अजून एक, फार तर दोन संधी, त्याही सोप्या, आणि घर. दमलेल्या कोवळ्या कुत्र्याला चौथ्यांदा सोडायचा मोह होतो, तो आवरायचा. वर्ष-सव्वा वर्षाची हाडं अजून पक्की झालेली नसतात आणि मनही नसतं. त्याच्याबरोबर जाणता कुत्रा सोडला तर लवकर शिकेल असं वाटतं, पण दोन कुत्रे एकाच सशावर पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळले तर जीवही जातो. शिवाय कोवळा कुत्रा सशाऐवजी पुढच्या कुत्र्याच्या मागे धावायला शिकतो. वसंत लागला की बिळात पिल्लं असतात, तेव्हा पुष्कळ जण दिवा ठेवून देतात.

हे सगळं आज कुत्र्याच्या भल्यासाठी सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण एकेकाळी हेच सगळं माणसाच्या सुटकेसाठी होतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, मत नव्हतं, बंदूक नव्हती, त्यांच्याकडे वेळ आणि धीर होता, आणि तो त्यांनी एका जनावरात साठवला. न भुंकणारा, सांगितल्याशिवाय न हलणारा, मिळालेलं आणून हातात देणारा कुत्रा हे त्या माणसांनी आपल्या मागे ठेवलेलं कागदपत्र आहे. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं.

त्या काळच्या न्यायालयांचे दप्तर वाचलं तर ही माणसं पकडली गेली तेव्हाच दिसतात: नाव, गाव, किती ससे, किती दंड. जे पकडले गेले नाहीत त्यांची नोंद कुठेच नाही. त्यांचा अंदाज घ्यायचा तर एखाद्या लर्चरला काळोखातून उजेडाच्या वाटेने परत येताना बघावं. त्या चालण्यात तो इतिहास आहे.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.